ढीगभर वाण, एकच जनुक: जैवतंत्रज्ञानामुळे बियाण्यांचा बाजार कसा एकवटतो

मे महिन्याच्या अखेरीस गेवराई, परतूर किंवा मानवतसारख्या बाजारगावातल्या कृषी सेवा केंद्रात पाऊल टाकले, तर कपाशीच्या बियाण्याची मांडणी पाहून असे वाटते की एवढी स्पर्धा दुसऱ्या कोणत्या धंद्यात क्वचितच असेल. फळीवर रंगीबेरंगी पाकिटांच्या थप्प्या असतात, प्रत्येक कंपनीचे नाव वेगळे असते, प्रत्येक वाणाचा नंबर वेगळा असतो, आणि गेल्या हंगामात कोणाच्या रानात कोणत्या नंबराला किती बोंडे लागली याची चर्चा तिथेच रंगलेली असते. एखादा शेतकरी मनाशी ठरवून आलेला नंबर मागतो, तो संपलेला असतो, आणि दुकानदार म्हणतो, "दादा, तो माल आला की लगेच उचलला जातो. हा घेऊन जा, टेक्नॉलॉजी तीच आहे." दुकानदाराला हातातला माल खपवायचा असतो हे खरे, पण त्याचे शेवटचे वाक्य अगदी बरोबर आहे. पाकीट उलटून मागचा बारीक मजकूर वाचला, तर जवळपास प्रत्येकावर बीजी-२ (बोलगार्ड-२, म्हणजे बोंडअळीविरोधी दोन जनुकांच्या जोडीचे व्यापारी नाव) ही खूण आणि क्राय १ एसी व क्राय २ एबी ही त्याच दोन प्रथिनांची नावे छापलेली सापडतात. कंपन्या अनेक आहेत आणि वाण त्याहून अनेक आहेत. मात्र बोंडअळीला मारणारी जी गोष्ट आहे ती एकाच ठिकाणाहून आलेली आहे.

शेतीच्या निविष्ठा, म्हणजे बियाणे, खते आणि औषधे, पुरवणाऱ्यांचा बाजार मूठभर हातांत जातो आहे, असे आपण गेली वीस-पंचवीस वर्षे ऐकतो. त्याचे खापर कधी जैवतंत्रज्ञानावर फोडले जाते, कधी पेटंटवर, तर कधी थेट परदेशी कंपन्यांवर. माझ्या मते यातला नेमका संबंध समजून घेण्यासाठी 'बाजार किती जणांच्या हातात आहे' असे विचारण्याआधी 'कोणता बाजार' हे विचारायला हवे, कारण जैवतंत्रज्ञान सगळा बाजार एकसारखा आवळत नाही. ते बाजारात एक नवा, अतिशय खर्चिक थर घालते आणि केंद्रीकरण त्या थरात साचते.

केंद्रीकरण मोजण्याच्या दोन सरधोपट रीती आहेत. एका रीतीत पहिल्या चार कंपन्यांचा विक्रीतला वाटा बेरजेने काढतात, आणि तो चाळीस टक्क्यांच्या वर गेला की स्पर्धा पातळ होऊ लागली असे अनेक अर्थतज्ज्ञ मानतात. दुसऱ्या रीतीत प्रत्येक कंपनीच्या टक्केवारीचा वर्ग करून सगळे वर्ग मिळवतात. ही बेरीज दहा हजारांच्या जवळ गेली की बाजार एकाच कंपनीचा झाला असे समजावे. समजा, कपाशीचे बियाणे विकणाऱ्या पन्नास कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडे दोन टक्के बाजार आहे. मग ही बेरीज केवळ दोनशे येते, आणि कोणताही स्पर्धा आयोग अशा बाजाराकडे ढुंकूनही पाहणार नाही. पण याच पन्नासांपैकी बहुतेकांनी आपल्या वाणात घातलेले जनुक एकाच मालकाकडून परवान्यावर घेतलेले असेल आणि जनुकांच्या बाजारात त्या मालकाचा वाटा पंचाण्णव टक्के असेल, तर तिथली बेरीज नऊ हजारांच्या वर जाते. आकडे कल्पित आहेत, पण आपल्याकडच्या कपाशीचे चित्र साधारण याच वळणाचे होते. रस्त्यावर कितीही कंपन्यांच्या गाड्या धावत असल्या तरी टोलनाका एकच असेल, तर पावती तिथेच फाडावी लागते.

कपाशीच्या एका पाकिटात खरे म्हणजे तीन माल एकत्र विकले जातात. पहिला माल म्हणजे मूळ वाणाचे गुण: झाडाची ठेवण, बोंडाचे वजन, धाग्याची लांबी, किती दिवसांत वेचणीला येते आणि आपल्या भारी किंवा हलक्या रानात कसे तग धरते. वर्षानुवर्षे निवड आणि संकर करत जमवलेल्या या भांडवलाला पैदासकार जननद्रव्य म्हणतात. दुसरा माल म्हणजे बाहेरून घातलेले जनुक, आणि तिसरा म्हणजे बियाण्यावर चोळलेले रसशोषक किडींचे औषध, ज्याच्या रंगामुळे सरकी टोकणाऱ्या बायांचे हात रंगतात. पूर्वी हे तीन माल तीन वेगवेगळ्या धंद्यांचे होते. ते एका पाकिटात कसे आले आणि त्यामुळे कोण कोणावर अवलंबून झाले, यातच केंद्रीकरणाची सगळी गुंतागुंत आहे.

खर्चाचे गणित

पारंपरिक पैदास ही स्वस्त नसली तरी आवाक्यातली गोष्ट आहे. चाळीस-पन्नास एकर प्रक्षेत्र, एक-दोन हुशार पैदासकार, परागीभवन करणारे कुशल मजूर आणि आठ-दहा वर्षांचा धीर एवढ्यावर चांगला संकर निघू शकतो, आणि म्हणूनच मराठवाड्यासारख्या भांडवलाने दुबळ्या भागातही बियाण्यांचा उद्योग उभा राहू शकला. जनुकबदल केलेल्या पिकाचे तसे नाही. उपयोगी जनुक शोधणे, ते पिकाच्या पेशीत घालणे, हजारो प्रयत्नांतून नेमका एक यशस्वी 'इव्हेंट' (जनुक योग्य जागी बसलेले मूळ रोप) निवडणे, आणि मग खाद्यसुरक्षेच्या, पर्यावरणाच्या व शेतातल्या चाचण्या वर्षानुवर्षे करून देशोदेशीच्या नियामकांची मंजुरी मिळवणे, या सगळ्यासाठी सरासरी तेरा वर्षे आणि सुमारे १३.६ कोटी डॉलर लागतात, असा अंदाज उद्योगानेच करवून घेतलेल्या २०११ च्या एका पाहणीत निघाला होता. उद्योगाने सांगितलेला खर्च थोडा हात सैल सोडून सांगितलेला असू शकतो. पण तो निम्मा धरला तरी जालन्याच्या किंवा नांदेडच्या मध्यम कंपनीला झेपणारा नाही.

या खर्चाचा स्वभाव महत्त्वाचा आहे. तो एकदाच होतो, आधी होतो, आणि पीक बाजारात चालले नाही तर परत मिळत नाही. उदाहरणादाखल असा खर्च शंभर कोटी रुपये धरू. तो एक लाख पाकिटांवर वसूल करायचा तर पाकिटामागे दहा हजार रुपये पडतात, आणि एक कोटी पाकिटांवर वसूल करायचा तर फक्त शंभर रुपये. जनुक एकदा तयार झाले की पुढच्या पाकिटात ते घालण्याचा खर्च जवळपास शून्य असतो. त्यामुळे ज्याच्याकडे आधीच मोठा बाजार आहे त्यालाच हा खर्च परवडतो, आणि ज्याला तो परवडतो त्याचाच बाजार आणखी मोठा होतो. नियमन जितके कडक आणि लांबलचक, तितका हा उंबरठा उंच होतो. मला कडक चाचण्या हव्याशा वाटतात, पण त्या मागताना हेही कबूल करायला हवे की त्यांचे ओझे बड्या कंपन्यांपेक्षा छोट्यांना आणि सरकारी संस्थांना अधिक जड जाते.

यावर पेटंटचा थर चढतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये चक्रवर्ती खटल्यात माणसाने बदल घडवलेल्या सूक्ष्मजीवाला पेटंट देता येते असे ठरवले, तेव्हापासून तिथे जिवंत गोष्टींवरच्या मालकीहक्काचा मार्ग मोकळा झाला. खर्च करणाऱ्याला वसुलीची हमी मिळाली नाही तर संशोधनच होणार नाही, हा पेटंटमागचा युक्तिवाद पोकळ नाही. मात्र ही हमी मिळते ती इतरांना त्या काळापुरते बाहेर ठेवूनच.

जालन्यात आलेले शंभर ग्रॅम

भेंडीच्या बियाण्यापासून धंद्याला हात घालणाऱ्या बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको ही कंपनी स्थापन केली. त्यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि त्यांच्या पावलावर पाऊल ठेवून जालना व छत्रपती संभाजीनगर परिसरात बियाणे कंपन्यांची एक फळीच उभी राहिली. याच महिकोला १९९५ मध्ये केंद्र सरकारने मोन्सॅन्टो या अमेरिकी कंपनीकडून बीटी जनुक (एका जिवाणूतून घेतलेले, बोंडअळीला मारणारे जनुक) असलेल्या कोकर-३१२ या अमेरिकी कापूस वाणाचे शंभर ग्रॅम बियाणे आणण्याची परवानगी दिली. कोकर आपल्या हवामानात फारसा उपयोगाचा नव्हता. त्याचा आपल्या वाणांशी संकर करायचा, आलेल्या पिढीतून जनुक असलेली रोपे निवडायची, त्यांचा पुन्हा आपल्याच वाणाशी संकर करायचा, असे सहा-सात पिढ्या करत जायचे, म्हणजे शेवटी जनुक राहते आणि बाकी सगळे गुण आपल्या वाणाचे येतात. मूठभर सरकीतून पुढच्या दशकात देशातल्या जवळपास सगळ्या कपाशीत एकाच मुळाचे जनुक पोचले ते या मार्गाने.

मोन्सॅन्टोने १९९८ मध्ये महिकोत २६ टक्के हिस्सा घेतला आणि दोघांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत महिको मोन्सॅन्टो बायोटेक ही स्वतंत्र कंपनी काढली. ही कंपनी जनुक वापरण्याचा परवाना विकत असे. मार्च २००२ मध्ये महिकोच्या तीन बीटी संकरित वाणांना मंजुरी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुके असलेले बीजी-२ आले, आणि पाहता पाहता देशातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस क्षेत्रावर बीटी पसरले.

भारताची वाट इथे अमेरिकेहून वेगळी झाली. अमेरिकेत जनुकाच्या मालकांनी बियाणे कंपन्याच विकत घेतल्या. मोन्सॅन्टोने १९९८ मध्ये डिकाल्ब ही मका बियाण्यांची कंपनी आणि २००७ मध्ये कापसातली सर्वांत मोठी डेल्टा अँड पाइन लँड घेतली, तर १९९९ मध्ये ड्यूपाँने पायोनियर पुरती ताब्यात घेतली. आपल्याकडे महिको मोन्सॅन्टोने चाळीसहून अधिक कंपन्यांना उप-परवाने दिले. त्यामुळे बियाण्याच्या थरात कंपन्या टिकल्या, वाणांची संख्या हजाराच्या वर गेली, आणि जनुकाच्या थरात मात्र नाका एकच राहिला. दुकानातली गर्दी आणि प्रत्यक्षातले केंद्रीकरण यांत जो विरोधाभास वाटतो, तो असा तयार झाला.

नाक्यावरची पावती सुरुवातीला जबर होती. ४५० ग्रॅमचे पाकीट सोळाशे ते अठराशे रुपयांना मिळे आणि त्यातला मोठा भाग, बाराशे रुपयांच्या वर, तंत्रज्ञानाच्या फीचा असे. एकरी दोन पाकिटे लागतात हे ध्यानात घेतले, तर कोरडवाहू शेतकऱ्याच्या पेरणीच्या खर्चात ही रक्कम किती डोईजड होती ते समजते. आंध्र प्रदेश सरकारने २००६ मध्ये हा प्रश्न एकाधिकार आयोगापुढे नेला आणि पाकिटाची कमाल किंमत साडेसातशे रुपये ठरवली. इतर राज्ये मागोमाग आली, आणि महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्यांच्या किमतीसाठी स्वतंत्र कायदाच केला.

दुसरे पर्याय नव्हतेच असे नाही. छत्रपती संभाजीनगरच्या नाथ सीड्सने चीनच्या कृषी विज्ञान अकादमीकडून घेतलेल्या जनुकाला आणि जेके ॲग्रीने आयआयटी खरगपूरच्या जनुकाला २००६ मध्येच मंजुरी मिळाली होती. केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने तर बिकानेरी नरमा या सरळ वाणात बीटी जनुक घातले होते. सरळ वाण म्हणजे ज्याची सरकी घरी राखून पुढच्या वर्षी पेरता येते असे. शेतकऱ्याच्या दृष्टीने हाच सर्वांत मोठा पर्याय ठरला असता. ते बियाणे २००९ मध्ये विक्रीला आले आणि लगेच मागे घ्यावे लागले, आणि त्यात मोन्सॅन्टोच्याच जनुकाची भेसळ असल्याचे पुढे उघड झाले. सरकारी संशोधनाची एवढी मोठी संधी अशा हलगर्जीपणाने वाया जावी, याचे मला आजही वैषम्य वाटते. बाकीचे पर्याय हरले ते वेगळ्या कारणांनी: दोन जनुकांच्या बीजी-२ पुढे एक जनुक फिके पडले, बहुतेक कंपन्या आधीच करारात बांधलेल्या होत्या, आणि ज्याचा गाजावाजा आधी झाला त्याच्याकडे शेतकऱ्यांचा विश्वास गेला.

नांदेडच्या वाणाचे काय झाले

आपल्या भागात या बदलाचा फटका कोणाला बसला हे पाहायचे तर नांदेड-४४ कडे, म्हणजेच एनएचएच-४४ कडे पाहावे. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या नांदेड इथल्या कापूस संशोधन केंद्राने ऐंशीच्या दशकात काढलेला हा संकर कोरडवाहू रानात टिकणारा आणि रसशोषक किडींना बऱ्यापैकी सोसणारा होता, आणि मराठवाड्यात त्याने वर्षानुवर्षे मोठे क्षेत्र व्यापले. त्याचे गुण २००२ नंतर एका रात्रीत कमी झाले नाहीत. फक्त शेतकऱ्याला बोंडअळीचे जनुक हवे होते आणि ते विद्यापीठाच्या वाणात नव्हते. महाबीजच्या साह्याने त्यात बीटी जनुक घालून तो पुन्हा बाजारात येईपर्यंत इतकी वर्षे गेली की मधल्या काळात एका पिढीच्या शेतकऱ्यांनी खासगी कंपन्यांचे नंबरच पाठ केले होते.

जननद्रव्य आणि जनुक हे एकमेकांवाचून अडणारे माल आहेत. उत्तम वाण जनुकाशिवाय विकले जात नाही आणि उत्तम जनुक चांगल्या वाणाशिवाय निरुपयोगी ठरते. असे दोन माल दोन मालकांकडे असले की दोन अडचणी येतात. दोघेही आपापला नफा लावतात आणि ग्राहकावर दुहेरी बोजा पडतो. शिवाय प्रत्येकाला भीती असते की दुसरा ऐन वेळी अडवून धरेल. दोन्ही अडचणींवरचा कंपन्यांचा सोपा उपाय म्हणजे दोन मालक एक करून टाकणे. एकत्रीकरणामुळे खर्च वाचतो, हे कंपन्यांचे म्हणणे म्हणूनच अगदीच खोटे नसते. खोट आहे ती पुढच्या पायरीत, कारण वाचलेला खर्च शेतकऱ्यापर्यंत पोचेल की कंपनीच्या खिशात राहील हे उरलेल्या स्पर्धकांवर ठरते, आणि ज्याच्याकडे दोन्ही माल आहेत तो तिसऱ्याला जनुक द्यायचे की नाही हेही ठरवू शकतो.

औषधांच्या कंपन्या यात का उतरल्या, त्याचे कारणही याच स्वरूपाचे आहे. बीटी जनुक हे कीटकनाशकाची जागा घेते; बाटलीवर जाणारा पैसा पाकिटाकडे वळतो, तेव्हा बाटली विकणाऱ्याला पाकिटात वाटा हवासा वाटणारच. तणनाशक सहन करणाऱ्या पिकांत उलट घडते. ते बियाणे खपले की त्यासोबतचे तणनाशकही खपते, आणि दोन्ही एकाच घरचे असले तर त्या घराचे दोन्हीकडून भले होते. एका ठिकाणी तंत्रज्ञान जुन्या मालाला मारते, दुसऱ्या ठिकाणी त्याला तारते, आणि दोन्ही ठिकाणी परिणाम एकच होतो की बियाणे आणि रसायन एका छताखाली येतात. डाऊ आणि ड्यूपाँ २०१७ मध्ये एकत्र आल्या आणि त्यांच्यातून पुढे कोर्टेवा निघाली. त्याच वर्षी चीनच्या केमचायनाने सिंजेन्टा सुमारे ४,३०० कोटी डॉलरना घेतली. आणि जून २०१८ मध्ये बायरने मोन्सॅन्टोला सुमारे ६,३०० कोटी डॉलर मोजून पोटात घेतले. आज अमेरिकेत मका, सोयाबीन आणि कापूस यांच्या बियाण्यांच्या विक्रीत निम्म्याहून अधिक वाटा बायर आणि कोर्टेवा या दोघांचा आहे.

भारतीय स्पर्धा आयोगाने बायर-मोन्सॅन्टो व्यवहाराला मंजुरी देताना ज्या अटी घातल्या, त्यांत जनुकाचे परवाने सात वर्षे वाजवी आणि भेदभावरहित अटींवर देत राहण्याची अट होती आणि महिकोतला २६ टक्के हिस्सा विकून टाकण्याचीही होती. जालन्यातली जुनी भागीदारी त्या दूरच्या व्यवहाराच्या ओघात अशी संपली.

किंमत बांधली, मग पुढे?

केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये कापूस बियाणे किंमत नियंत्रण आदेश काढला आणि मार्च २०१६ मध्ये बीजी-२ पाकिटाची कमाल किंमत देशभर ८०० रुपये ठरवली. तंत्रज्ञानाची फी १६३ रुपयांवरून ४९ वर आली, पुढे ३९, मग २० आणि २०२० मध्ये शून्य झाली. पाकिटाची किंमत त्यानंतर हळूहळू वाढत २०२५ मध्ये ९०१ रुपयांवर पोचली असली, तरी २००२ च्या सोळाशेशी ताडून पाहिले तर शेतकऱ्याच्या खिशाला दिलासा मिळाला हे नाकारण्यात अर्थ नाही.

त्याच काळात न्यायालयांतही हीच लढाई चालू होती. फीच्या वादातून मोन्सॅन्टोने नुझिवीडू सीड्स या आपल्याच परवानाधारक कंपनीशी करार तोडला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१८ मध्ये बीजी-२ चे पेटंटच अवैध ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तो निकाल रद्द करून प्रकरण फेरसुनावणीला पाठवले, आणि २०२१ मध्ये दोन्ही पक्षांनी तडजोड केली. दुसरीकडे स्पर्धा आयोगाने २०१६ मध्ये, उप-परवान्यांच्या काही अटी जाचक असल्याचे प्रथमदर्शनी मत नोंदवून, चौकशीचा आदेश दिला होता. पेटंटच्या गैरवापराची दाद पेटंट कायद्याखालीच मागावी असे म्हणत उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०२३ मध्ये ती कारवाई रद्द केली. म्हणजे जनुकावर मालकी सांगता येते का आणि त्या मालकीचा गैरवापर झाला का, या दोन्ही प्रश्नांची समाधानकारक न्यायालयीन उकल झालीच नाही, आणि तोवर पेटंटची मुदतही संपून गेली.

किंमत बांधण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सगळ्यांची कमाल किंमत एकच असली की कंपन्या किमतीत स्पर्धा करत नाहीत. स्पर्धा होते ती जाहिरातीत, दुकानदाराला दिलेल्या सवलतीत आणि नंबराच्या नावलौकिकात. मागणीचा नंबर मग छापील किमतीपेक्षा चढ्या भावाने चोरून विकला जातो किंवा सोबत न खपणारा दुसरा माल गळ्यात मारला जातो, ज्याला दुकानदारीत 'लिंकिंग' म्हणतात. आणि किंमत बांधली त्याच वर्षी, २०१६ मध्ये, तणनाशक-सहनशील कपाशीच्या मंजुरीसाठी केलेला अर्ज मागे घेतला गेला. २००६ नंतर आलेल्या कोणत्याही नव्या जनुकाने कपाशीत बीजी-२ ची जागा घेतलेली नाही. कायदेशीर बाजारात जे मिळत नाही ते बेकायदा बाजाराने पुरवले: तणनाशक-सहनशील एचटीबीटीची पाकिटे, ज्यांवर ना खरे नाव असते ना पक्के बिल मिळते, दर हंगामात खेड्यापाड्यांत पोचतात. पीक फसले तर दाद कोणाकडे मागायची, हे तिथे कोणालाच माहीत नसते.

शेतातही याचे पडसाद उमटले. हजार वाणांत तीच दोन प्रथिने, तीही लाखो हेक्टरवर वर्षामागून वर्षे, आणि कडेने लावायच्या बिगर-बीटी ओळी बहुतेकांनी कधी लावल्याच नाहीत. पाकिटासोबतची ती छोटी थैली बांधावर किंवा घरात पडून राहिली. त्यात फरदड घेण्याची सवय, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत पऱ्हाटी उभी ठेवायची. गुलाबी बोंडअळीला सरावासाठी याहून चांगली शाळा मिळाली नसती. गुजरातेत २०१० च्या सुमारास एका जनुकाच्या बीजी-१ ला आणि २०१५ च्या सुमारास बीजी-२ ला तिने दाद देणे सोडले, आणि २०१७ च्या हंगामात तिने विदर्भ-मराठवाड्यात हाहाकार माजवला. नाव आणि नंबर बदलून बियाणे घेतले तरी अळीच्या लेखी ते एकच वाण होते.

सोयाबीनचा धडा वेगळा

याच शेतकऱ्याच्या शेजारच्या तुकड्यात सोयाबीन असते आणि तिथले सगळे गणित निराळे असते. भारतात जनुकबदल केलेल्या सोयाबीनचे बियाणे पेरायला मंजुरी नाही. सोयाबीन स्वपरागीभवनाचे पीक असल्याने घरच्या दाण्यातून तेच वाण पुन्हा येते. लातूर किंवा हिंगोलीकडे आजही जेएस-३३५ किंवा परभणीचे एमएयूएस-७१, एमएयूएस-१५८, एमएयूएस-६१२ अशी सरकारी संस्थांची वाणे पेरली जातात. मेमध्ये घरोघर शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले जातात, गोणपाट रोज शिंपडून ओले ठेवले जाते, आणि सात-आठ दिवसांनी उलगडून किती दाण्यांना चांगला कोंब आला ते मोजले जाते. सत्तर किंवा जास्त आले तर एकरी तीस किलोचा हिशेब धरायचा, कमी आले तर बियाणे वाढवायचे. या गोणपाटाच्या गुंडाळीत बाजाराच्या केंद्रीकरणावरचा मोठा अटकाव आहे, कारण विकत घेण्याला पर्याय असलेला ग्राहक कोणत्याही कंपनीच्या मुठीत पूर्णपणे सापडत नाही. विकतचे बियाणे न उगवल्याच्या तक्रारी २०२० मध्ये इतक्या आल्या की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. ज्यांनी घरचे बियाणे तपासून ठेवले होते त्यांना निदान दुकानावर विसंबावे लागले नाही.

हेच पीक अमेरिकेत १९९६ पासून तणनाशक-सहनशील जनुकासह विकले जाते. इंडियानातल्या बोमन या शेतकऱ्याने धान्यगोदामातून घेतलेले सोयाबीन पेरून त्याचे बियाणे राखले, तेव्हा मोन्सॅन्टोने त्याला कोर्टात खेचले, आणि २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. पीक तेच, दाण्याचा स्वभाव तोच. पण एका देशात दाणा राखणे ही शहाणपणाची रीत आहे आणि दुसऱ्या देशात पेटंटचा भंग. आपल्या २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचा हक्क दिला आहे. कपाशीत हा हक्क कागदावरच राहतो, कारण तिथे जवळपास सगळे संकरित वाण आहे आणि त्याची सरकी पुन्हा पेरली तर रानात एकसारखी झाडे येत नाहीत. याचा दोष जनुकाच्या माथी मारता येणार नाही. संकरित कपाशीची वाट आपण १९७० पासून, बीटीच्या कितीतरी आधी, धरलेली आहे. जगातल्या इतर मोठ्या कापूस उत्पादक देशांत बीटी जनुक बहुतांशी सरळ वाणांतच आहे.

आता जनुकसंपादनाचे तंत्र आले आहे. त्यात बाहेरचे जनुक न घालता वनस्पतीच्याच जनुकात नेमका बदल करता येतो. अशा काही प्रकारच्या पिकांना केंद्राने मार्च २०२२ मध्ये जनुकबदलाच्या कडक नियमांतून सूट दिली, आणि मे २०२५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने या तंत्राने काढलेली दोन भातवाणे जाहीर केली. नियमनाचा खर्च उतरला की उंबरठा खाली येतो आणि सार्वजनिक संस्था पुन्हा मैदानात उतरू शकतात, ही आशा त्यामुळे अवास्तव नाही. पण हत्यारावरचे पेटंट हा स्वतंत्र नाका आहे. क्रिस्पर या जनुकसंपादनाच्या प्रमुख हत्याराच्या शेतीतल्या वापराचे अनेक महत्त्वाचे हक्क ब्रॉड इन्स्टिट्यूट ही अमेरिकी संशोधन संस्था आणि कोर्टेवा यांच्याकडे असून २०१७ पासून ते एकत्र परवाने देतात. समजा, उद्या बदनापूरच्या संशोधन केंद्राने, जिथून बीडीएन-७११ सारखी तूर निघाली, मररोगाला अधिक दाद न देणारी तूर या तंत्राने काढायची ठरवली. प्रयोगशाळेत हे हत्यार वापरून पाहणे आणि त्यातून निघालेले बियाणे शेतकऱ्याला विकणे या दोन गोष्टींना परवान्याच्या लेखी वेगळी किंमत असते. ती किंमत कोण भरणार, आणि तुरीसारख्या घरी राखता येणाऱ्या बियाण्यातून ती कशी वसूल होणार, हे त्या केंद्राला पहिल्या रोपाआधी ठरवावे लागेल.